डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाला गार करताना

रात्रीचे अडीच वाजले होते. डोक्याला जबर मार लागलेला, व्हेंटिलेटरवरचा रुग्ण. कवटीतला दाब, म्हणजे आयसीपी, संध्याकाळी १८ मिमी पारा होता, तो २७ वर गेलेला. नाइटचे रेसिडेंट चक्रावले होते, कारण त्यांच्या मते त्यांनी सगळं बरोबरच केलं होतं. ३८.६ ताप होता, काखेत आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवून त्यांनी तो ३७ वर आणला होता. ताप उतरला आणि दाब चढला. मॅनिटॉल, म्हणजे दाब उतरवायचं औषध, लावायची तयारी चालू होती, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "सर, ईसीजीची रेघ बघा ना, मघापासून थरथरतेय."

मी रुग्णाच्या जबड्याखाली तळहात ठेवला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण चालू फ्रीजच्या दारावर हात ठेवल्यावर लागतो तसा बारीक कंप हाताला लागला. रुग्ण कुडकुडत होता. सिडेशन, म्हणजे गुंगीचं औषध, वाढवलं, हातापायांवर गरम पांघरूण घातलं. तासाभरात दाब २० च्या खाली आला. मॅनिटॉलची बाटली तशीच परत ठेवली.

शरीर गार करणं हे यंत्राचं काम आहे, ते होतं. रुग्णाचं नुकसान होतं ते कुडकुडण्यात, नाहीतर घाईने परत गरम करण्यात. म्हणून या लेखात या दोन टप्प्यांना जास्त जागा दिली आहे. लेख आयसीयूत काम करणाऱ्या ज्युनियर डॉक्टरांसाठी आणि सिस्टरांसाठी आहे. नातेवाईक वाचत असतील तर बेडजवळ काय चाललंय ते त्यांना समजेल, पण घरी किंवा अपघाताच्या जागी करून बघायची ही गोष्ट नव्हे. औषधांचे नेमके डोस आपापल्या युनिटच्या प्रोटोकॉलप्रमाणे घ्या.

आधी ठरवा: नक्की काय करायचंय?

"कूलिंग लावा" या एका वाक्यात दोन वेगळे उपचार दडलेले असतात, आणि राउंडवर निम्मे घोळ इथेच होतात.

पहिला उपचार म्हणजे ताप येऊ न देणं. मध्यवर्ती तापमान, म्हणजे शरीराच्या आतलं, ३६ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्ये धरून ठेवायचं. हे जवळपास प्रत्येक गंभीर रुग्णाला लागतं. दुसरा म्हणजे दाब कशालाच दाद देत नाही तेव्हा तापमान ३५ ते ३६ पर्यंत मुद्दाम उतरवणं. हा अगदी शेवटच्या फळीतला उपाय आहे. पूर्वी तिसराही एक प्रकार चालायचा. रुग्ण आला की दाब वाढायची वाट न बघता सरसकट ३३ वर न्यायचं. तो आता करायचा नाही.

का नाही, हे माहीत असलेलं बरं, कारण कल्पना मोहात पाडणारी आहे. तापमान एका अंशाने उतरलं की मेंदूची ऑक्सिजनची गरज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी कमी होते. टेंपल फे या अमेरिकन न्यूरोसर्जनने १९४० च्या दशकातच डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवर हा प्रयोग केला होता. प्रयोगशाळेत प्राण्यांवरचे निकालही सुंदर आले. माणसांवर मात्र गणित जुळलं नाही. २००१ मध्ये ३९२ रुग्णांचा अमेरिकेतला अभ्यास आला, फायदा दिसला नाही. २००८ मध्ये २२५ मुलांवरचा अभ्यास आला, त्यात गार केलेल्या गटात मृत्यू जास्त होण्याकडे कल दिसला. २०१५ चा युरोथर्म अभ्यास तर मध्येच थांबवावा लागला. गार केलेल्यांपैकी सुमारे २६ टक्के रुग्ण बऱ्या अवस्थेत होते, न केलेल्यांपैकी ३७ टक्के. मग २०१८ मध्ये पोलार अभ्यास आला, ५११ रुग्णांचा. तिथे ४८.८ विरुद्ध ४९.१ टक्के, म्हणजे काहीच फरक नाही.

युरोथर्ममधली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिथे दाब २० च्या वर गेला की मॅनिटॉलसारखी औषधं द्यायच्या आधीच कूलिंग सुरू केलं जात होतं. साध्या उपायाने आटोक्यात आले असते असे रुग्णही त्यामुळे कुडकुडणं, न्यूमोनिया आणि रक्तदाबाचे चढउतार या धोक्यांत ओढले गेले. आजच्या सल्ल्यात कूलिंगला तळाशी ढकललंय ते उगाच नाही.

हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या रुग्णाचं आणि जन्मताना गुदमरलेल्या बाळाचं कूलिंग ही वेगळी प्रकरणं आहेत. बाळांना सहा तासांच्या आत सुरू करून ३३.५ वर ७२ तास ठेवतात. तिथेही भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत झालेल्या २०२१ च्या हेलिक्स अभ्यासात गार केलेल्या बाळांमध्ये मृत्यू जास्त झाले, ४२ विरुद्ध ३१ टक्के. एका आजारातला आकडा उचलून दुसऱ्या रुग्णाला लावायची खोड म्हणूनच सोडायला हवी.

कूलिंगच्या आधीचं सगळं झालंय का?

दाब २२ मिमी पाऱ्याच्या वर टिकून आहे म्हणून कोणी कूलिंग सुचवलं की मी आधी बेडपाशी जातो. डोकं ३० अंश वर आहे का? मान सरळ आहे का? ट्यूबची दोरी किंवा मानेचा कॉलर इतका घट्ट नाही ना, की मानेच्या शिरा दाबल्या जाव्यात? नुसता कॉलर सैल करून दाब चार-पाचने उतरलेला मी बघितलाय.

मग सिडेशन आणि वेदनाशामक पुरेसं आहे का, रक्तातला कार्बन डायऑक्साइड ३५ ते ३८ मध्ये आहे का, मेंदूला रक्त ढकलणारा दाब, म्हणजे सीपीपी, ६० ते ७० मध्ये आहे का, हे बघायचं. मॅनिटॉल किंवा हायपरटॉनिक सलाईन देऊन झालंय का? मेंदूतल्या व्हेंट्रिकलमध्ये (पाण्याच्या पोकळीत) ड्रेन, म्हणजे पाणी काढायची नळी, असेल तर तो वाहतोय की तुंबलाय? झटके नाहीत ना? आणि शेवटचं, पण विसरू नये असं: सीटी परत केलाय का? आत नव्याने साचलेली गुठळी असेल तर तिच्यावर बर्फ हा उपाय नाही, न्यूरोसर्जन आहे.

हे सगळं होऊनही दाब हटत नसेल तर तीन पर्याय उरतात: बार्बिट्युरेटने मेंदू जवळपास शांत करणं, कवटीचा तुकडा काढणं, किंवा सौम्य कूलिंग. यातलं काय निवडायचं हे एकट्याने रात्री ठरवू नका.

ज्याचं पोटात किंवा मांडीत रक्त वाहतंय, बीपी सावरलेलं नाही, नाडी आधीच फार मंद आहे, किंवा सेप्सिसने, म्हणजे अंगभर पसरलेल्या संसर्गाने, जो कोसळलाय, त्याला गार करायचं नाही. रक्तस्राव, आम्लता आणि गारठा या तिघांची गट्टी जमली की ट्रॉमाचा रुग्ण हातचा जातो.

थर्मामीटर: दोन, आणि योग्य जागी

काखेतलं तापमान विसरा. कानातलंही विसरा. मध्यवर्ती तापमानच हवं, आणि यंत्र एका प्रोबवर (तापमान मोजणाऱ्या तारेवर) चालत असेल तर पडताळणीला दुसरा प्रोब हवाच. प्रोब निसटून गादीवर पडला तर यंत्राला वाटतं रुग्ण गार झालाय, आणि ते त्याला गरम करायला लागतं.

माझी पहिली पसंती अन्ननलिकेतल्या प्रोबला. तो खालच्या तिसऱ्या भागात, हृदयाच्या मागे असावा आणि एक्स-रेवर बघून घ्यावा. वर राहिला तर व्हेंटिलेटरच्या गरम, दमट हवेचं तापमान दाखवतो. कवटीच्या तळाला फ्रॅक्चर असेल किंवा तशी शंका जरी असेल तर नाकातून काहीही घालायचं नाही, प्रोब तोंडावाटे. मूत्राशयातला प्रोब चांगला, पण लघवी कमी झाली की मागे पडतो. गुदद्वारातला तर नेहमीच थोडा उशिरा बोलतो. मेंदूत प्रोब असेल तर लक्षात ठेवा, तिथला आकडा शरीरापेक्षा बहुधा अर्धा ते एक अंश जास्त असतो.

सुरू करण्याआधी धमनीतली लाइन, सेंट्रल लाइन, ईसीजी, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, साखर, रक्त गोठण्याच्या चाचण्या आणि कल्चर (जंतू शोधायची चाचणी) एवढं हातात असावं. पाठ, टाचा आणि माकडहाड यांची त्वचा बघून नोंद करा. गारठ्याने रक्तवाहिन्या आखडतात, दाबाने होणाऱ्या जखमा लवकर होतात.

उतरवताना

पांघरूण काढा, खोली गार करा, पॅरासिटामॉल द्या. पाणी फिरवणारं ब्लँकेट किंवा जेलचे पॅड आणि स्वतःच तापमान राखणारं यंत्र असेल तर उत्तम. शिरेत घालायचा कूलिंग कॅथेटर सगळ्यात नेमका असतो, पण मांडीच्या शिरेत गुठळी व्हायचा धोका घेऊन येतो. काहीच नसेल तर बर्फाच्या पिशव्याही चालतात, कापडात गुंडाळून, काखेत आणि जांघेत. मानेला लावू नका. तिथल्या शिरांतूनच डोक्यातलं रक्त परत यायचंय.

चार अंशांचं थंड सलाईन भराभर चढवायची पद्धत हृदय बंद पडलेल्या रुग्णांकडून आली. रुग्णालयात पोचायच्या आधी ते दिलेल्या रुग्णांत फुप्फुसात पाणी साचण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. सुजलेल्या मेंदूच्या रुग्णात मी ते टाळतो.

एकदम ३५ गाठायचं नाही. अर्ध्या अंशाने उतरवा, दाब बघा, थांबा. ३६ वर दाब आटोक्यात आला तर तिथेच राहा. पिशव्या वापरत असाल तर लक्ष्याच्या अर्धा अंश आधीच काढा, कारण त्या काढल्यावरही तापमान आणखी थोडं घसरतं. दर १५ मिनिटांनी तापमान, आयसीपी, सीपीपी आणि नाडी लिहा. एका ओळीत, शेजारी-शेजारी. वेगवेगळ्या कागदांवर लिहिलेल्या आकड्यांमधलं नातं कुणालाच दिसत नाही.

कुडकुडणं

निरोगी माणसात तापमान ३६.५ च्या आसपास आलं की त्वचेच्या रक्तवाहिन्या आखडायला लागतात, आणि ३५.५ च्या आसपास कुडकुडणं सुरू होतं. ३३.५ च्या खाली ते आपोआप मंदावतं. म्हणजे ज्याला आपण सौम्य आणि सुरक्षित कूलिंग म्हणतो ते ३५ ते ३६ नेमकं कुडकुडण्याच्या पट्ट्यात पडतं. त्यातून रुग्णाला ताप असेल तर मेंदूने आपलं लक्ष्यच वर नेऊन ठेवलेलं असतं, मग तो ३७ वरही कुडकुडतो. त्या रात्री तेच झालं होतं.

कुडकुडताना शरीराची ऑक्सिजनची गरज दुपटीपर्यंत जाऊ शकते, कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि दाब चढतो. कूलिंगने कमावलेलं सगळं तिथे जातं.

तपासायची पद्धत साधी आहे. जबडा, मान आणि छातीवर हात ठेवा. काहीच नाही: शून्य. फक्त मान-छातीला कंप: एक. हात हलताना दिसतात: दोन. धड आणि चारही अवयव: तीन. सुरुवातीला दर १५ मिनिटांनी, नंतर तासाला. ईसीजीची रेघ खरखरीत होणं आणि कॅप्नोग्राफचा (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा) आलेख दातेरी होणं या त्याच्याही आधीच्या खुणा.

उपाय पायरीपायरीने चढायचे:

१. हात, पाय आणि चेहरा गरम ठेवा. मोजे, हातमोजे, गरम हवेचं ब्लँकेट. छाती गार आणि तळपाय गरम हे बघायला विचित्र वाटतं, पण थंडीची बरीचशी खबर मेंदूला त्वचेकडूनच जाते, आणि ही युक्ती फुकटात बरंच काम करते.
२. ठरलेल्या वेळी पॅरासिटामॉल. नळीतून बुस्पिरोन. मॅग्नेशियमचं इन्फ्युजन, रक्तातली पातळी मोजत.
३. डेक्समेडेटोमिडिन किंवा फेंटानिल. नाडी मंद असेल तर पहिल्याबाबत जपून. पेथिडिन कुडकुडण्यावर गुणकारी आहे, पण झटके आणू शकतं, म्हणून या रुग्णांत माझा हात तिकडे सहसा जात नाही.
४. प्रोपोफॉल वाढवा, बीपीवर डोळा ठेवून.
५. शेवटी स्नायू शिथिल करणारं औषध.

पाचव्या पायरीवर एक सापळा आहे. स्नायू लुळे पडले की कंप थांबतो, आणि आलेला झटकाही दिसत नाही. ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख, लावता येत असेल तर लावाच. सिडेशन पुरेसं आहे याची खात्री केल्याशिवाय तर हे औषध अजिबात नको.

गार असताना

पोटॅशियम पेशींच्या आत शिरतं, रक्तात कमी दिसतं. ते ३.५ ते ४ च्या आसपास ठेवा, त्याहून चढवायच्या मागे लागू नका. परत गरम करताना ते बाहेर येणार आहे. साखर वाढते, इन्सुलिन जास्त लागतं. ती धमनीच्या रक्तातून मोजा. आखडलेल्या बोटाच्या टोकातला थेंब खोटं बोलतो.

लघवी भरपूर होऊ लागली तर तीन संशयित: गारठा, मॅनिटॉल आणि मेंदूला मार लागल्याने होणारा डायबेटिस इन्सिपिडस (साखरेचा आजार नव्हे, यात मूत्रपिंडं पाणी धरून ठेवत नाहीत). सोडियम दर चार-सहा तासांनी बघितल्याशिवाय गुन्हेगार सापडत नाही.

नाडी मंदावते. बीपी आणि सीपीपी ठीक असतील तर तिच्या मागे लागू नका. प्लेटलेटचं काम ३५ च्या खाली बिघडायला लागतं, पण प्रयोगशाळा रक्त ३७ वर गरम करून तपासते, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल येतो. रिपोर्टपेक्षा ड्रेनचा रंग बघा.

मिडॅझोलम, फेंटानिल आणि स्नायूंची औषधं शरीरातून हळू बाहेर पडतात, साठत जातात. त्यामुळे या काळातल्या तपासणीवरून "काही आशा नाही" असं कुणी नातेवाइकांना सांगू नये. मेंदूमृत्यूच्या चाचण्यांसाठीही तापमान आधी निदान ३६ वर यावं लागतं आणि औषधांचा अंमल उतरावा लागतो.

संसर्ग ओळखणं अवघड होतं, कारण ताप दिसतच नाही. इथे एक छोटी युक्ती: यंत्राच्या पाण्याचं तापमान बघा. रुग्ण ३५.५ वर स्थिर आहे, पण काल २४ अंशांवर असलेलं पाणी आज १० वर गेलंय, याचा अर्थ रुग्ण भरपूर उष्णता तयार करतोय. तो एकतर कुडकुडतोय किंवा त्याला ताप आहे. हात ठेवून कंप नसेल तर कल्चर पाठवा, छातीचा एक्स-रे बघा. ही नोंद चार्टवर बहुतेक ठिकाणी नसतेच. आमच्या चार्टवर मी हाताने रकाना आखला होता.

नातेवाइकांना आत सोडण्याआधी दोन वाक्यं बोला. कपाळाला हात लावल्यावर गार लागतं आणि माणूस तिथेच मटकन खाली बसतो. "आम्हीच मुद्दाम गार ठेवलंय" हे त्यांनी आधी ऐकलेलं असावं.

परत गरम करताना

कधी? घड्याळ बघून नाही, दाब बघून. तो निदान २४ तास आटोक्यात असावा. ठरावीक ४८ तास झाले म्हणून यंत्र बंद करणं ही मी पाहिलेली सगळ्यात महागडी चूक. यंत्र बंद केलं की शरीर आपल्या वेगाने गरम होतं, आणि तो वेग मेंदूला झेपत नाही. रक्तवाहिन्या पसरतात, सूज उसळते.

म्हणून यंत्र चालूच ठेवायचं आणि लक्ष्य तासाला ०.१ ते ०.२ अंशाने वर न्यायचं. ३५ वरून ३६.५ वर यायला ०.१ च्या वेगाने १५ तास लागतात. ड्यूटी बदलताना "आता गरम करायचंच उरलंय" असं सांगून हात झटकू नका, कारण सगळ्यात जागरूक राहायचे तास तेच आहेत.

सुरू करण्याआधी पोटॅशियमचं इन्फ्युजन बंद. इन्सुलिन कमी करत चला आणि साखर तासाला बघा, ती अचानक घसरते. त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडल्या की बीपी पडतं आणि त्याबरोबर सीपीपी. त्यामुळे सलाईन आणि बीपी चढवणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन तयार हवं. सिडेशनला ३६.५ येईपर्यंत हात लावायचा नाही. या प्रवासातही रुग्ण कुडकुडण्याच्या पट्ट्यातून जात असतो.

दाब २२ च्या वर गेला तर तिथेच थांबा. अर्ध्या तासात उतरला नाही तर अर्धा अंश मागे या, सीटीचा विचार करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा.

३६.५ गाठल्यावर पॅड काढायची सगळ्यांना घाई असते. निदान आणखी दोन-तीन दिवस ते रुग्णाच्या अंगावरच राहू द्या, लक्ष्य ३७.५ च्या खाली. उसळून येणारा ताप बहुधा याच काळात येतो. तो आला की कारण शोधा: फुप्फुस, लघवी, लाइन, ड्रेन, पायातली गुठळी, औषध. यातलं काहीच सापडलं नाही तरच मेंदूमुळे आलेला ताप म्हणा. प्रोब मात्र पॅड निघाल्यावरही एक दिवस ठेवा, आणि हात अधूनमधून जबड्याखाली जाऊ द्या.